अंजिराच्या पानातलं घरटं

कंडक्टरकीतून रिटायर झालो तेव्हा मुलीनं मला कॅमेरा घेऊन दिला. ती नांदेडला नर्स आहे. "बाबा, घरी बसून आईशी भांडण्यापेक्षा पाखरांचे फोटो काढा," म्हणाली. लातूरच्या आमच्या घरामागं पेरू, लिंबू, अंजीर अशी झाडं आहेत, त्यामुळं पाखरांना तोटा नव्हता. तोटा होता माझ्या धीराचा. सगळी नोकरी चालत्या गाडीत उभं राहून झालेली. आवाज आला की मी त्या झाडाकडं धावायचो, आणि फोटोत यायची नुसती हलणारी फांदी. एका शिंपी पक्ष्यानं तर मला महिनाभर पळवलं. अंगठ्याएवढा जीव, शेपटी ताठ वर, पण ओरडला की सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. त्याचा एकही फोटो मला साधला नव्हता.

अशात मुलीचं लग्न ठरलं आणि घराला रंग द्यायचं निघालं. जळकोटकडचा एक पेंटर मिळाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी मागची भिंत घासता घासता तो थांबला आणि त्यानं मला हातानंच बोलावलं.

"काका, हळू या. हे पान बगा. शिवल्यालं हाय."

अंजिराची एक फांदी भिंतीला टेकली होती. तिच्यावरच्या मोठ्या पानाच्या दोन्ही कडा कापसाच्या धाग्यानं जोडलेल्या, आणि आत तीन उघड्या चोची. मी रोज त्या पानाला खांदा घासून जात होतो.

पेंटरनं हातातला पॉलिश पेपर खिशात घातला. "ही भिंत ऱ्हाऊ द्या. पिल्लं उडाली की फोन करा, मी येतो."

बायको ते ऐकून बाहेर आली. "असं कसं? मुलीची हळद इथंच हाय. पाव्हणे काय म्हणतील?"

"काकू, आता इथं शिडी लावली तर मादी जवळ येणार न्हाई. पिल्लं उपाशी मरतील."

बायकोनं वाकून पानात पाहिलं. मग म्हणाली, "बरं, आधी बाकीच्या भिंती उरकून घ्या."

दुसऱ्या दिवशी तो बाजूची भिंत रंगवत होता आणि मी कॅमेरा घेऊन घिरट्या घालत होतो. मादी काही येईना.

"काका, तुमी लई फिरायलात," तो म्हणाला आणि रंगाची रिकामी बादली पालथी घालून दिली. "बसा हितं. मी दिसभर एकाच भिंतीपुढं असतो, म्हणून पाखरांना माझी सवय झाली."

बसलो. पायाला मुंग्या आल्या, तरी हललो नाही. अर्ध्या तासानं ती आली, चोचीत हिरवी अळी घेऊन. मी बटण दाबलं. आयुष्यातला पहिला स्पष्ट फोटो! पेंटरनं पँटला हात पुसले, मगच कॅमेरा हातात घेतला. "डोक्यावरचा हा विटकरी रंग बगा," म्हणाला. "डब्यात न्हाई मिळत असला."

पिल्लं उडाली त्या दिवशी मी पत्रिका वाटायला नांदेडला गेलो होतो. संध्याकाळी परतलो तर पान रिकामं. मला हळहळ वाटली. बायको मात्र खुशीत होती.

"दोन लगेच उडाली, तिसरं पेरूवर बसून राहिलं. मला कॅमेरा येत न्हाई, म्हणून नुसतं बघत बसले," म्हणाली. तिला असं हरखून बोलताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

पेंटरला फोन केला. त्याचं उदगीरला दुसरं काम चालू होतं, तरी हळदीच्या आदल्या दिवशी तो पहिल्या गाडीनं आला. फांदी सुतळीनं हलकेच बाजूला बांधली, भिंत रंगवली आणि उन्हं उतरायच्या आत फांदी सोडून पुन्हा होती तशी केली. बायकोनं आग्रहानं जेवू घातलं. लग्नाला यायचं आमंत्रणही दिलं.

मी मादीचा तो फोटो मोठा करून आणला होता, तो पेंटरच्या हातात दिला. त्यानं तो वर्तमानपत्रात गुंडाळून ब्रशांच्या पिशवीत ठेवला. फाटकापर्यंत गेला, थांबला, फोटो पुन्हा बाहेर काढला आणि हातातच धरून स्टँडकडं निघाला.