गाण्यातला उसासा

इस्पितळाच्या लाँड्रीत तीन ड्रायर एकाच वेळी घरघरत असतात. ती घरघर कापून जो आवाज दारापर्यंत येतो, तो बिगुलमावशीचा. हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याच्या कानाला मानलं पाहिजे. मी पहिल्यांदा युनियनच्या पावत्या घेऊन तिथे गेले तेव्हा दारातूनच ऐकलं, "कोण गं तू? आत ये नाहीतर बाहेर जा, वाफेत उभी राहू नकोस, शिजशील!" मी आत गेले. तिच्यासमोर आत न जाण्याची सोय नसते.

मावशी एकोणतिसाव्या वर्षी या कामावर लागली. नवरा कामाच्या शोधात म्हणून दुसऱ्या गावी गेला तो गेलाच. मागे दीड वर्षाची पोर. पहिली तीन वर्षं मावशी कामावर एक शब्द बोलत नव्हती म्हणे. तिच्या मनगटांवर इस्त्रीच्या रोलरच्या चटक्यांचे जुने डाग आहेत. ते सगळे त्या मुक्या वर्षांतले, असं ती सांगते. "तेव्हा माझं लक्ष नसायचं गं. हात इथं, मी भलतीकडे."

मग ते गाणं आलं.

आमच्या वयाच्या कुणालाही ते गाणं कोणतं हे सांगायला नको. ज्याला सगळं जग 'गुरुजी' म्हणायचं त्या गायकाचं. बसमध्ये, दवाखान्यात, शिंप्याच्या दुकानात, बारशाला, निरोप-समारंभाला, कुठेही तेच. मावशीनं लाँड्रीत त्याचं काय केलं ते मात्र जगात कुणी केलं नसेल. मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोघी चार कोपरे धरतात, ताणतात, झटकतात, एकमेकींकडे चालत येतात, कोपरे हातात देतात, परत मागे. एकीचं पाऊल चुकलं की कपाळावर कपाळ. मावशीनं त्या गाण्यावर हे सगळं बसवलं. पहिल्या ओळीला ताणायचं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी गाण्यात एक उसासा आहे, मागून एका मुलीच्या आवाजातला, तिथे फाडकन झटकायचं. तिसऱ्या ओळीला चालायचं. चौथीला घडी गठ्ठ्यावर. बारा बायका, सहा जोड्या, सहा चादरी एकदम हवेत. तो उसासा मावशी असा काही घ्यायची की नव्या बायका काम सोडून बघत राहायच्या. एकोणीस वर्षं. मुकी बाई बिगुल झाली ती या गाण्यावर.

आणि परवा सकाळी दहा वाजता निकाल लागला. गुरुजी दोषी. गाणं शिकायला आलेल्या चार मुलींनी, आता बायाच त्या, कोर्टात उभं राहून सांगितलं होतं, बंद खोलीत काय चालायचं ते. लाँड्रीत पंखे बसवा म्हणून केलेल्या अर्जावर सह्या घ्यायला मी तिथेच आले होते. मोबाइलवर बातमी वाचली आणि माझं डोकं सटकलं. समोर सहा चादरी आणि तेच गाणं!

"बंद करा!" मी ओरडले. "आजपासून या खोलीत हे गाणं बंद!"

बायका थांबल्या. चादरी लोंबकळल्या. मी सगळ्यांना बातमी वाचून दाखवली, आवाज चढवून, जसा मी फाटकासमोर चढवते तसा. खोलीत कुजबुज झाली. कुणी "अगं बाई" म्हटलं, कुणी "पेपरवाले काहीही लिहितात" म्हटलं. मावशी चादरीचे दोन कोपरे धरून उभीच.

"वाचून झालं, पुढारीणबाई?"

"झालं."

"घडी घालतेस का तू? नाही ना. मग कशावर घालायची ते मला नको शिकवूस."

"मावशी, त्या माणसानं पोरींचं वाटोळं केलं!"

"त्याला घाला ना आत! जन्मभर घाला! मी येते कुलूप लावायला. पण गाणं कशाला आत घालता? त्यानं ते एकदा म्हटलं, एका थंडगार खोलीत, आणि गेला घरी. मी रोज म्हणते. दिवसाला दोनशे वेळा. घाम गाळून. आता त्यात त्याचं काय राहिलंय गं? ते माझं आहे."

खरं सांगते, मी जरा अडखळले. वाद घालण्यात मला कुणी हरवत नाही, पण ही बाई खोटं बोलत नव्हती. म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलले. हा माझा जुना रोग.

"आणि त्या पोरींचा विचार? त्यांना काय वाटत असेल हे ऐकून?"

"कुठे आहेत त्या पोरी?" मावशीचा आवाज आता ड्रायरच्याही वर. "आण माझ्यासमोर! मी विचारते त्यांना. त्या नको म्हणाल्या तर मी तोंड शिवते. तू कोण त्यांच्या वतीनं बोलणारी?"

"इथेच आहे, मावशी."

आवाज दाराकडून आला. तिथे चष्मेवाली उभी होती.

चष्मेवाली दोन महिन्यांपूर्वी लागली. छत्तीस-सदतिशीची, काम चोख, पण एक खोड: गाणं सुरू झालं की हातातलं टाकून नळावर जायची. मुकादमानं रजिस्टरात तिच्या नावापुढे तीन फुल्या मारल्या होत्या. चौथीला घरी. बायका म्हणायच्या, हिचा शिष्टपणा बघा, आमचं गाणं ऐकवत नाही हिला. मीसुद्धा तिला एकदा समजावलं होतं, "अगं, सगळ्यांत मिसळावं." आठवलं की आता कानशिलं गरम होतात.

"चौघींतली मी एक," ती म्हणाली. "माझं नाव पेपरात नाही, कोर्टानं छापायचं नाही म्हणून सांगितलंय. ही माझी चौथी नोकरी. आधी शिवणकामाच्या दुकानात होते, मग बेकरीत, मग एका ऑफिसात फरशी पुसायला. सगळीकडे हे गाणं. मी पळायची आणि लोक मला काढायचे."

मी पुढे झाले. "ऐकलंत? ही बघा! आपण हिला घेऊन..."

"ताई, मला कुठेही घेऊन जाऊ नका," तिनं मला तिथेच तोडलं. "मी नोकरी करायला आलेय."

मी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. असं मी वर्षातून एकदा करते.

मावशी चादर सोडत नव्हती. पण आवाज खाली आला. "पोरी, मी तुझ्या बाजूचीच आहे गं. तो माणूस वाईट, कबूल. पण सूर तर..."

"सूर चांगलाच आहे, मावशी. मला कुणी सांगायला नको, मी होते तिथे." चष्मेवालीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "तुम्ही दुसऱ्या ओळीला उसासा घेता ना? तो माझा आहे. मी सतरा वर्षांची होते. त्यानं चाळीस वेळा घ्यायला लावला. खरा वाटत नाही म्हणाला. मग सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं. परत आले सगळे तेव्हा मी जो घेतला, तो रेकॉर्डवर आहे. सगळे म्हणाले, वा, आता जमलं."

ड्रायर घरघरत होते.

मावशीच्या हातून चादर सुटली. बावीस वर्षांत तिच्या हातून चादर जमिनीवर पडलेली कुणी पाहिली नव्हती. ती वाकली, उचलली, धुवायच्या टोपलीत टाकली, दुसरी घेतली. कोपरे धरले. आणि चष्मेवालीकडे बघून एवढंच म्हणाली, "धर."

तिनं धरली. गाणं नाही.

आता ऐका. दोन वाजता वॉर्डांची ट्रॉली निघते. चारशे चादरी. त्या दिवशी तापाची साथ, एकही कमी चालणार नव्हती. आणि इकडे बायकांचे पायच हरवले! एक जोडी पुढे येते तर दुसरी मागे, कोपरे निसटतात, दोघी एकमेकींवर आदळतात. घड्या अशा तिरक्या की मुकादम आत येऊन म्हणाला, "कुणी वारलंय का? गाणं कुठाय?"

"वारलं," मावशी म्हणाली. "तुम्ही बाहेर थांबा."

मग तिनं तोंड उघडलं. मला वाटलं दुसरं एखादं गाणं धरणार. छे! "बारा एके बारा!" बिगुल वाजलं. "बारा दुणे चोवीस! अगं म्हणा की, शाळेत गेला होतात ना? बारा त्रिक छत्तीस!" बायका हसायला लागल्या, पण पाय पडायला लागले. ताण, झटक, चाल, गठ्ठा. बाराचा संपला, तेराचा घेतला, पंधराचा तर पळाला. सहा चादरी पुन्हा एकदम हवेत! मी सह्यांचा कागद बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होते, लाज सोडून.

सतराच्या पाढ्याला घात झाला. "सतरा दुणे चौतीस" म्हणून चादर ताणली, झटकायची वेळ आली, आणि बाकी सगळ्यांच्या तोंडून, कुणी न सांगता, एकदम तो उसासा बाहेर पडला. एकोणीस वर्षांची सवय. झटकायचं म्हटलं की छातीच आपोआप भरते. मावशीच्या छातीतूनही आला. तिच्याच छातीतून सगळ्यांत खणखणीत.

चष्मेवालीच्या हातातले कोपरे सुटले. ती दाराकडे चालायला लागली. दारात मुकादम, हातात रजिस्टर, कानामागचं पेन आता बोटांत.

"थांब!" मावशी ओरडली. तिला नव्हे, बायकांना. "गाढविणींनो! आणि पहिली गाढवीण मी! झटकताना श्वास आत नाही घ्यायचा. बाहेर टाकायचा. ओरडायचं! काय ओरडायचं?"

"काय?"

"हाण!"

"हाण?"

"हाण! जो डोळ्यासमोर येईल त्याला हाण! सतरा त्रिक एक्कावन्न... हाण!"

चादरी अशा फाडफाड वाजल्या की मुकादम दोन पावलं मागे सरला. पुन्हा. "सतरा चोक अडुसष्ट, हाण!" कुणाच्या डोळ्यासमोर सासू असेल, कुणाच्या नवरा, बहुतेकींच्या मुकादमच. मी कुणाला हाणलं ते सांगत नाही.

चष्मेवाली दारात थांबली होती. मावशी तिच्यापर्यंत गेली आणि हळू बोलली. मी जवळ होते म्हणून ऐकलं. "पोरी, गाणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. खोटं बोलता येत नाही मला. त्या गाण्यानंच मला उभं केलं. पण आता मला ऐकू येतं त्यात काय आहे ते. ऐकू आल्यावर नाही म्हणता येत. या खोलीत तरी नाही. घरी म्हणेन की नाही, ठाऊक नाही. कदाचित म्हणेन. मग तुझी क्षमा मागेन."

"घरी म्हणा," चष्मेवाली म्हणाली. "मला सांगू नका फक्त."

"चल मग. माझ्या चादरीचे दोन कोपरे रिकामे आहेत."

मुकादमानं पेन पुढे केलं. "मावशी, नियम म्हणजे नियम, ही चौथी..."

"चौथी काय? दाराच्या आत आहे ना ती? उंबरा मोजा, पाय मोजा. आणि लिहायचंच असेल तर लिहा, आज चारशेच्या चारशे गेल्या. न गेल्या तर माझ्या नावापुढे फुली मारा."

त्यानं पेन कानामागे ठेवलं. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं, पण माझी गरजच नव्हती. हे मला फार क्वचित वाटतं आणि त्या दिवशी त्याचा आनंदही झाला.

एकोणिसाचा, तेविसाचा, हाण, हाण. दीड वाजता पाढे संपत आले. पुढचे कुणाला येईनात. मावशीनं हिंमत करून एकोणतिसाचा धरला आणि सातावर गाडं अडलं.

"एकोणतीस साते...?"

"एकशे नव्वद!" एक म्हणाली. "दोनशे दहा!" दुसरी. "तुझ्या बापानं मोजले होते!" तिसरी. सहा चादरी ताणलेल्या, कुणी झटकेना.

"दोनशे तीन!" चष्मेवाली मावशीच्या समोरून ओरडली. आणि बाकीच्या सावरायच्या आत, एकटीनं, जिवाच्या आकांतानं, "हाण!"

चादर अशी झटकली की तिचा चष्मा उडून गठ्ठ्यावर पडला. तो तसाच राहू देऊन तिनं पुढच्या चादरीचे कोपरे धरले, डोळे बारीक करून म्हणाली, "एकोणतीस आठे दोनशे बत्तीस. मावशी, ताणा की!"