उसना मफलर

शनिवारी इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या फुटबॉल स्टेडियममध्ये चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास आला आणि मला आमची पहिली मॅच आठवली. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. आमच्या लेकीच्या, सईच्या शाळेतून सवलतीची तिकिटं मिळाली होती. स्वस्तात आहे तर बघून येऊ, एवढाच आमचा विचार.

पाहुण्या टीमनं सुरेख गोल मारला आणि आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. क्रिकेट बघत वाढलेली माणसं आम्ही, चांगल्या खेळाला दाद देणारच. बाकी सगळा स्टँड रीडिंगच्या चाहत्यांचा, चिडीचूप! मागच्या सीटवरचे आजोबा वाकून म्हणाले, "इथे असं नाही करत हं." मी ओशाळले. त्यांनी मात्र गळ्यातला मफलर काढून कुडकुडणाऱ्या सईला गुंडाळला. "पुढच्या मॅचला आणून दे."

"अगं, पुढचं तिकीट पूर्ण किमतीचं," घरी माझा नवरा मंदार कुरकुरला. "पोस्टानं पाठव ना."

"कुठल्या पत्त्यावर? त्यांच्या सीटच्या?"

गेलोच मग. मफलर धुतला, सोबत चकल्यांचा डबा घेतला. उसनी वस्तू नुसती कशी परत करायची? आजोबांनी तिथेच एक चकली मोडली आणि म्हणाले, "डबा पुढच्या मॅचला आणतो."

त्यानंतर आम्हाला सवलत लागली नाही. आजोबा हे मुद्दाम करत होते का, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.

शनिवारी पाहुण्यांनी गोल मारला, आणि पुढच्या रांगेतल्या नवख्या कुटुंबानं जोरात टाळ्या वाजवल्या. मी गळ्यातला मफलर सोडायला घेतला.