चोराला कुणी ओळखत नाही, ही गेमची कमजोरी

शीर्षक वाचून तुम्ही जरा सरसावून बसला असाल. चोर, गाड्या, पोलीस, पाठलाग. आहे, सगळं आहे. पण आधीच सांगतो, यात एकही मर्डर नाही. रक्ताचा थेंब नाही. आणि यातली सगळ्यात डेंजर व्यक्ती म्हणजे एक रिटायर्ड शिक्षिका आहे. चालत असेल तर वाचा. नसेल तर तुमची मर्जी.

तर त्या सोमवारी सकाळी मी चोरलेल्या मोटारसायकलसकट भिंतीत अडकलो होतो. भिंतीतनं नुसतं हँडल आणि माझी एक चप्पल बाहेर. मी शांतपणे स्क्रीनचा फोटो काढला आणि वहीत लिहिलं, 'रसवंतीची भिंत. गाडी आत जाते, बाहेर येत नाही.' तेवढ्यात मागनं आवाज आला.

"मन्या, रिपोर्ट कुठाय?"

हे आमचे बॉस, प्रसाददादा. पुण्यात चांगल्या कंपनीत होते. ते सोडून सोलापूरला परत आले आणि शुक्रवार पेठेत स्वतःच्या घराच्या खालच्या मजल्यावर गेम बनवायचा स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे आम्ही तिघं. प्रसाददादा, कोडिंग करणारा श्रीनू आणि मी टेस्टर. टेस्टर म्हणजे गेम खेळून खेळून त्यातल्या खोडी काढणारा. गावाकडं टेंभुर्णीत माझ्या वडलांना हे अजून पटलेलं नाही.

"खेळायचा पगार देत्यात?"

"व्हय."

"मग येडं कोण हाय? ती का तू?"

आमच्या गेमचं नाव 'नाका'. ओपन वर्ल्ड क्राइम गेम. ओपन वर्ल्ड म्हणजे गेम तुम्हाला बोट धरून नेत नाही. अख्खं शहर मोकळं. मिशन करा, नाहीतर टपरीवर बसून राहा. तुमचा हिरो एक गाडीचोर. गाडी चोरायची, पोलीस मागं लागले की वर कोपऱ्यात लाल स्टार येतात. एक स्टार म्हणजे हवालदार मागं, पाच स्टार म्हणजे सगळा जिल्हा मागं. लपून बसलं की स्टार विझतात.

आणि शुक्रवारी पुण्याहून रेवती मॅडम येणार होत्या. त्या पब्लिशरच्या. पब्लिशर म्हणजे आपण बनवलेला गेम लोकांपर्यंत नेणारी कंपनी. त्यांनी आधी दोन गोष्टी मागितल्या होत्या. गेमची ताजी कॉपी, आणि तुमच्या टेस्टरचा प्रामाणिक रिपोर्ट, बलस्थानं आणि कमजोऱ्या. प्रसाददादांनी आम्हाला सरळ सांगितलं होतं, "त्या नाही म्हणाल्या तर शटर खाली. मी परत पुण्याला." श्रीनूला काय, काकाचा टॉवेलचा कारखाना होता. मला टेंभुर्णीत हायवेला भावाचं पंक्चरचं दुकान. पंक्चर काढणं वाईट नाही. पण तिथं गिऱ्हाइकाची नक्कल केली तर ट्रकवाला पाना फेकून मारतो. हितं निदान हसतात.

रिपोर्टचं पहिलं पान मी फटकन लिहिलं. बलस्थानं. गाडी चालवायला एक नंबर. खड्ड्यात गेली की हँडल खरंच हातातनं सुटतं. आमच्या सोलापूरच्या सात रस्त्यासारखा चौक केलाय, तिथं रिक्षावाला इंडिकेटर डावीकडं देतो, हात उजवीकडं दाखवतो आणि जातो सरळ. हे बघून मला भरून आलं. ऊन खरं वाटतं. गल्लीतनं जाताना यंत्रमागाचा खडखडाट येतो, तो श्रीनूनं काकाच्या कारखान्यात उभं राहून रेकॉर्ड केलाय. गेम बंद केला तरी कानात चालू राहतो.

दुसरं पान अवघड होतं. म्हणजे बारक्या खोडी भरपूर होत्या. शेळी पाण्याच्या टाकीवर चढते आणि तिथंच राहते. हवालदार पळताना मधेच नाचल्यासारखा वाटतो. पण तेवढ्यासाठी कुणी गेम सोडत नाही. मला वेगळंच खुपत होतं. गेम हातात आल्यावर तिसऱ्या दिवसापास्नं मला चोरीचा कंटाळा यायला लागला होता. फुकटची गाडी, फुकटचं पेट्रोल, आणि मला जांभया. असं का?

मंगळवारी कळलं. गेममधल्या गल्लीत एक बाई दारात कुरडया वाळत घालत होती. मी तिच्या नाकासमोर शेजाऱ्याची गाडी चालू केली, अर्ध्या कुरडयांवरनं नेली. ती म्हणाली, "अहो भाऊ, बघून चालवा." आणि परत कुरडया.

मी गेम थांबवला. आपल्याकडं असं होईल का हो? आठवीत असताना मी टेंभुर्णीत न विचारता एकाची सायकल नेली होती, नुसती चक्कर मारायला. चौकापर्यंत पोचायच्या आधी वडलांना कळलं होतं. सायकल कुठली, शर्ट कुठला, आणि पोराच्या पायात चप्पल न्हाय, हेसुद्धा. पोलिसांचा प्रश्नच येत नाही. पोलीस फार लांब राहिले.

मग मी दुसऱ्या पानावर एकच ओळ लिहिली. 'सगळ्यात मोठी कमजोरी : या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही.'

प्रसाददादांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"हे मी मॅडमना पाठवू? तू आपल्या बाजूचा आहेस ना?"

"प्रामाणिक म्हणल्यात दादा."

"अरे, लोक गेममध्ये चोऱ्या करायला येतात. ओळखीचे लोक भेटायला लग्नं आहेत की."

"पण चोरीत मजा कशाची? सापडायच्या भीतीची. टपरीमागं लपलं की पोलीस विसरतात. विसरत नाही ते कोण?"

"कोण?"

म्हणलं बोलून उपयोग नाही, करून दाखवू. मी गेमचा आवाज बंद केला आणि दादांच्या हातात रिमोट दिला. म्हणलं, चोरा गाडी. दादांनी गाडीला हात लावला आणि मी मागनं आवाज काढला. बाईचा. चढा, पण शांत.

"ए. कुणाचा रे तू?"

दादांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. मी पुढं गेलो. "इकडे बघ. तोंड वर कर. कुठल्या शाळेत आहेस?" दादांनी गेममधली गाडी सरळ गटारात घातली. श्रीनू खुर्चीवरनं घसरला.

"हौ बे! हे पायजे! गाडी दादांनी चोरली आणि खुर्चीवरनं मी पडलो!"

"मन्या," दादा हळू आवाजात म्हणाले, "हा आवाज कुणाचा आहे?"

त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्या आवाजाची मूळ मालकीण आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर भाजी निवडत होती. दादांच्या आई. पेठेत त्यांना सगळे बाई म्हणतात, आम्ही काकू. तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. अर्धी पेठ त्यांची विद्यार्थी. आता मी शाळेपास्नं सगळ्यांच्या नकला करतो, त्याला माझा इलाज नाही. रोज दोन वेळा चहाला वर जायचं आणि आवाज उचलायचा नाही, हे मला जमत नाही.

"नुसता स्क्रॅच आहे दादा," मी म्हणलं.

स्क्रॅच म्हणजे तात्पुरता आवाज. खरा कलाकार मिळेपर्यंत ऑफिसातलाच कुणीतरी बोलून ठेवतो, नंतर काढून टाकायचं. प्रत्येक स्टुडिओत असं करतात. आणि प्रत्येक स्टुडिओत एखादा आवाज काढायचा राहतो.

श्रीनू कामाला लागला. गल्लीतल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात त्यानं एक खूण टाकली. एकाला कळलं की शेजारच्याला कळणार.

"अख्ख्या गल्लीला कळायला दीड मिनिट लागतंय," तो म्हणाला.

"दीड मिनिट? लोक काय आजारी हायत का बे?"

मग त्यानं ते चाळीस सेकंदांवर आणलं. बुधवार आणि गुरुवार मी नुसता बोलत होतो. चहावाला झालो, "तुला चहा न्हाय. आधी गाडी ठिवून ये." न्हावी झालो. रिक्षावाला झालो. सगळ्यात जास्त वेळ मात्र बाई झालो. वर आवाज ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडावर चादर. शेवट साधा ठेवला. चोरानं गाडी गल्लीच्या तोंडाशी आणून लावली की बाई म्हणणार, "बरं. जा आता." आणि सगळे विसरणार. वेळच तेवढा होता.

गुरुवारी संध्याकाळी कॉपी आणि रिपोर्ट पुण्याला गेला, कमजोरीच्या ओळीखाली 'आता गल्लीत शिरून बघा' एवढं जोडून. पाठवता पाठवता दादा म्हणाले, "आईला कळलं तर?"

"कळायला काकू काय गेम खेळणार हायत?"

हे वाक्य मी बोललो, हे मान्य करतो.

शुक्रवारी अकराला रेवती मॅडम आल्या. साधा ड्रेस, हसरा चेहरा, पण प्रश्न विचारायची पद्धत इन्कम टॅक्सवाल्यासारखी. मोठ्या टीव्हीवर गेम लावला. पहिला अर्धा तास त्या नुसत्या गाड्या पळवत होत्या. सात रस्त्याच्या रिक्षावाल्याला जरा हसल्या. शेळी टाकीवर चढली, त्याची नोंद केली. मग त्या गल्लीत शिरल्या, गाडीला हात लावला. आणि त्याच क्षणी दार उघडून काकू पोह्यांचा ट्रे घेऊन आत आल्या.

टीव्ही म्हणाला, "ए. कुणाचा रे तू?"

मॅडम दचकल्या. "बापरे!" म्हणाल्या, आणि खळखळून हसल्या. "ही कोण?"

दादा छताकडं बघायला लागले. श्रीनूनं कीबोर्डमधला कचरा फुंकायला घेतला. काकू दारातच उभ्या होत्या. टीव्ही बोलतच होता, "इकडे बघ. तोंड वर कर." मला शपथेवर सांगता येईल, मी तोंड वर केलं.

काकू हसल्या. गोड हसल्या. ट्रे ठेवला आणि मॅडमच्या शेजारी खुर्चीत बसल्या.

"खेळा की तुम्ही. मी बघते."

आमच्याकडं पाहुण्यासमोर घरच्या माणसाला ओरडत नाहीत. पाहुणा जाईपर्यंत सगळं साठवतात. त्यामुळं ते हसू जसं वाढत गेलं, तसा मी खुर्चीत खाली जात राहिलो.

मॅडम रंगल्या होत्या. गाडी घेऊन पळाल्या, चहावाल्यानं चहा दिला नाही. लपायला न्हाव्याकडं गेल्या, न्हावी म्हणाला, "वडलांना सांगू का?" पोलिसांचा एक स्टार नाही, तरी मॅडमना घाम. शेवटी वैतागून गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली. टीव्ही म्हणाला, "बरं. जा आता."

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं," मॅडम म्हणाल्या.

"हो का," काकू म्हणाल्या. एवढंच. आणि वर गेल्या.

मॅडमनी माझा रिपोर्ट पर्समधनं काढला. दुसरं पान उघडं होतं.

"हे कुणी लिहिलं?"

मी हात वर केला, शाळेसारखा.

"पोलिसांचे स्टार सगळ्या गेममध्ये असतात. हे मी कुठं पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही घेतोय. पण हे अर्धवट आहे. गाडी कोपऱ्यावर टाकली की प्रकरण मिटतं, हे मला पटलं नाही. ते नीट करा. आणि तो आवाज बदलू नका."

दादांनी माझा हात एवढा दाबला की संध्याकाळपर्यंत माउस धरता येत नव्हता. शटर वरच राहणार होतं.

मॅडमची रिक्षा कोपऱ्यावरनं वळली. तोवर काकू जिन्यात उभ्या राहून हात हलवत होत्या. रिक्षा दिसेनाशी झाली आणि हात तसाच माझ्याकडं वळला.

"मनोज. वर ये."

मनोज हे माझं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आहे. मी वर गेलो. सुरुवातीलाच म्हणलं, "काकू, चुकलं. परत तुमची नक्कल करणार नाही."

"नक्कल केलीस त्याचं मला काही नाही. तीस वर्षं पोरं माझी नक्कलच करत आलीत. तुझी त्यातल्या त्यात बरी आहे. पण मी असं म्हणेन? बरं, जा आता? गाडी कोपऱ्यावर टाकली आणि मी सोडलं? जागेवर कोण ठेवणार? ज्याची होती त्याला तोंडानं कोण सांगणार? सायकल चोरलेल्या पोराला मी स्वतः त्या घरी घेऊन गेलेय, दारात उभं केलंय, आणि बोलून झाल्याशिवाय हललेली नाहीये. माझा आवाज घेतलास आणि काम अर्ध्यावर टाकलंस. पेठेत लोक काय म्हणतील? बाई ढिल्या पडल्या!"

मी मान खाली घातली. खरं सांगतो, आवाज मी हुबेहूब उचलला होता. पुढचं वाक्य काय असतं, हे मात्र मी कधी त्यांना विचारलंच नव्हतं. ते टेस्टरला रिपोर्टमध्ये सापडत नाही, जिना चढून विचारावं लागतं. एवढाच धडा. बाकी सगळा आरडाओरडा.

"आणि दुसरं," काकू म्हणाल्या. "त्या पोराला आल्या आल्या कुणाचा रे तू विचारतोस. आधी जेवलास का विचारावं. उपाशी पोराला मी कधी ओरडले नाही. त्याला ऐकूच जात नाही." मग थांबल्या. माझ्याकडं बघितलं. "तू जेवलास का?"

"न्हाय."

"मग बस."

भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी, वर दही. मी जेवलो. दुसरी भाकरी नको म्हणलं तरी वाढली. ताट घासून पालथं घातलं, हात पुसले. काकूंनी पदर खोचला, खुर्ची समोर ओढली आणि जिथं थांबल्या होत्या तिथनं पुढं सुरू केलं.