पहिल्या पानावरचं बटण

"फोन न्हाई देनार. काम काढून घ्यायचं तर घ्या," असं म्हणून सुनीताताईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

शिरड शहापूरच्या शाळेत आमचं ट्रेनिंग चालू होतं. गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या सुनीताताईंसारख्या बाया, त्यांचा सुपरवायझर गजानन आणि मी. मी टेक्निकल रायटर. म्हणजे सॉफ्टवेअर दुसऱ्यांनी बनवायचं आणि ते कसं वापरायचं हे मी साध्या मराठीत लिहायचं. कंपनी पुण्याची, मी हिंगोलीत घरून काम करते. मॅन्युअल छापण्याआधी खऱ्या माणसांपुढे वाचून बघायचं ही माझी खोड. पुण्याच्या साहेबांना ती पटत नाही, पण ऐकतंय कोण!

टूल साधं होतं. फोनमध्ये कोणकोणती अ‍ॅप आहेत त्याची यादी करायची आणि सुपरवायझरला पाठवायची. फोन बायांचे स्वतःचे, त्यात आमच्या क्लायंटचं, म्हणजे या बायांना काम देणाऱ्या संस्थेचं, नोंदणीचं एक अ‍ॅप. ते सारखं अडकायचं. फोनमध्ये काय भरलंय ते कळलं तर उपाय करता येईल, एवढाच हेतू.

"सगळ्यायनं टूल टाकलं, तुमालाच काहून तकलीफ?" गजानन म्हणाला. "सोमवारपर्यंत टाका, न्हाईतर तुमचं गाव दुसऱ्या बाईला देतो."

मी समजावलं, "ताई, हे मेसेज वाचत नाही, फोटो बघत नाही. नुसती अ‍ॅपची नावं."

"नावातच तर समदं हाय, मॅडम."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला शाळेमागे लिंबाखाली नेलं आणि फोन उघडला. "ह्याच्यातले अर्धे माझे न्हाईत," म्हणाल्या. गावात बऱ्याच घरी सुनेच्या हातात फोन नसतो, असला तर घरचे तपासतात. मग या बाया आपलं अ‍ॅप सुनीताताईंच्या फोनमध्ये टाकून ठेवतात. दुपारी येतात, ओट्यावर बसतात, आपलं काम उरकून घरी जातात. रंजना नावाची एक सून तिथेच बसून नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायची. घरी पत्ता नव्हता.

"गजाननभाऊ त्याच घरचे जावई," ताई म्हणाल्या. "यादीत अभ्यासाचं नाव दिसलं की इचारतील, कोनाचं हाय? रंजना रोज माझ्याकडं येती हे गल्लीला ठावं हाय. जावयाचा शब्द सासऱ्याच्या कानावर जायला उशीर लागतो व्हय? पोरगी इतकी जीव लावून करून राहिली, तिचं शिकनं तिथंच बंद." मग चिडून म्हणाल्या, "आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! हापिसवाले दाखवतेत का त्यायचा फोन?"

मला हसू आलं आणि रागही आला. राग आमच्याच टूलचा.

घरी येऊन टूल उघडून बसले. दिसेल ते बटण दाबून बघायचं, हीच आमच्या धंद्याची रीत. सेटिंगच्या अगदी तळाशी एक बटण सापडलं. ते चालू केलं की यादीत फक्त संस्थेचं अ‍ॅप येतं आणि फोनमध्ये जागा किती उरली तेवढं दिसतं. बनवणाऱ्याने टेस्टिंगसाठी ठेवलं असणार आणि विसरला असणार. कुठे लिहिलेलंच नाही, तर कळणार कुणाला?

लगेच मिलिंद सरांना फोन लावला. ते आमचे मॅनेजर.

"सर, हे बटण सगळ्यांना आधीपासूनच चालू द्या. मी ते पहिल्या पानावर लिहितेय."

"अगं, क्लायंटला पूर्ण यादी हवीय."

"क्लायंटला अ‍ॅप अडकायला नकोय. त्यासाठी जागा कळली तरी पुरे."

"एका बाईसाठी एवढं?"

"सर, फोन बायांचे आहेत. उद्या कुणी क्लायंटला विचारलं, यांची संमती कुठाय, तर काय दाखवणार?"

रंजनाचं नाव मी काढलं नाही. संमती म्हटल्यावर सरांचा सूर बदलला. मग म्हणाले, "पान पाठव, बोलतो त्यांच्याशी." क्लायंटही तेवढ्याला घाबरला. बटण चालू झालं आणि बाकीच्या बायांच्या गेलेल्या याद्याही, गजाननने उघडायच्या आत, आम्ही पुसून घेतल्या.

सोमवारी सुनीताताईंनी पहिलं पान माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतःच्या हाताने टूल टाकलं. गजाननने स्क्रीन बघितली.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं. "जागा संपलीय. गुड मॉर्निंगचे फोटो काढा."

खरंच तेवढंच दुखणं होतं. बायांनी फुलं आणि सुविचार पुसले, अ‍ॅप पळायला लागलं.

परवा सुनीताताईंचा फोन आला. रंजनाला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मला तर रडूच फुटलं. "घरी काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हनतेत! सासू गल्लीभर पेढे वाटून राहिली, सुनंला मीच शिकवलं म्हनती. आन् गजाननभाऊ म्हनतेत, मला पहिल्यापासून ठावं होतं."

मॅन्युअल कुणी वाचत नाही, असं आमच्या धंद्यात म्हणतात. फार तर पहिलं पान वाचतात. म्हणून माणसाच्या कामाचं असेल ते पहिल्याच पानावर लिहावं.