राहायची परवानगी

एकाहत्तरच्या लढाईनंतर बंद पडलेली जा-ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी काकांबरोबर कराचीहून भिवंडीला आले. टेमघरला माझी सख्खी मावशी होती, फाळणीच्या आधीच इकडे दिलेली. कराचीत आम्हा मराठी लोकांची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलेली, तिथे मुलगा कुठून मिळायचा? मावशीने जवळच्या शेलार गावचा एक बघून ठेवला होता, कापडाच्या लूमवर कामाला, निर्व्यसनी. आईबाबांना व्हिसा मिळाला नाही, म्हणून मावशीने आणि तिच्या यजमानांनीच कन्यादान केलं. काका मुदतीत परत गेले, मी राहिले. व्हिसा संपला आणि घरची सून असूनही मी सरकारच्या लेखी बेकायदा राहणारी परकी बाई झाले.

राहायची परवानगी हवी तर ठाण्याला जाऊन मुलाखत द्यायची होती. लग्न खरं आहे की इथे राहण्यापुरतं केलंय, हे तिथले साहेब दोघांना वेगवेगळं बोलावून तपासणार होते. उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवतील, असं वकिलाने बजावलं होतं. मला तेव्हा पाचवा महिना होता.

तयारी करायला बसलो तेव्हा कळलं, आम्हाला एकमेकांचं काहीच माहीत नाही. यांना कायम रात्रपाळी. सकाळी यायचे, चहा पिऊन झोपायचे. बाहेरच्या लूमच्या खडखडाटाने यांची झोप मोडत नसे, माझ्या बांगड्यांनी मोडे. म्हणून मी दिवसभर दबकून वावरायची आणि संध्याकाळी हे डबा घेऊन गेले की खोलीत एकटी उरायची. माझ्या तोंडी उर्दू शब्द येत, ते भिवंडीत कुणालाच खटकले नाहीत. बोलायला माणूस मात्र नव्हतं.

"मी कुठल्या कुशीवर झोपते?" मी यांना विचारलं.

"मला काय ठाव? मी रातचा घरी हाय कुठं?"

"डाव्या. लक्षात ठेवा."

"डाव्या!" हे म्हणाले. लूमवर काम करणाऱ्यांना हळू बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी नळावर बायका मला बघून "डाव्या गं, डाव्या!" करून हसत होत्या. मीही हसले. घरी येऊन मात्र रडू फुटलं. आपल्या नवऱ्याला आपली माहिती पाठ करावी लागते, याची मला फार लाज वाटली.

ठाण्याला आधी यांना आत घेतलं, मग मला. साहेब वयस्कर होते, आवाज मऊ. यांना वालाचं बिरडं आवडतं, चहात साखर जास्त लागते, शेलारच्या घरी दोन म्हशी आहेत, सगळं मी घडाघडा सांगितलं. साहेबांनी समाधानाने फाईल मिटली. मग माझ्या पोटाकडे बघून, घरातलं मोठं माणूस विचारेल तसं त्यांनी विचारलं, "पहिलीच वेळ ना? बाळंतपणाला कुठे जाणार?"

"माहेरी," मी म्हटलं. पहिलटकरीण दुसरं काय सांगणार?

साहेबांनी फाईल पुन्हा उघडली. "म्हणजे कराचीला?"

"नाही, नाही साहेब. इथेच, टेमघरला. मावशीकडे."

"मावशीकडे का? आई कुठे आहे?"

अर्जात फक्त वडिलांचं नाव होतं. आई तिकडे आहे म्हटलं असतं, तर पोरगी आईकडे जाणार, हे कुणालाही कळलं असतं.

"आई नाही मला," मी म्हटलं.

आई कराचीत होती, चांगली धडधाकट. बहुतेक त्या वेळी माझ्या बाळासाठी दुपटी शिवत बसली असेल. ते मनात आलं आणि मी साहेबांच्या टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊन रडले. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. "रडू नको, बाळ. या दिवसांत आई नसली की फार जड जातं," ते म्हणाले आणि त्यांनी परवानगीवर सही केली. त्यांच्या मनात काही संशय उरला असेल, तर तो माझ्या रडण्याने धुऊन गेला. मी मात्र आई खरंच गेल्यासारखी रडत राहिले.