इंजिनाजवळचा घाम

फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत औषधांची खोकी भरत होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. गाडी अजून आली नव्हती, म्हणून मी मारोतरावांवर मनातल्या मनात चिडलेही होते, कारण हा माणूस आठला म्हणजे आठला दारात हजर असायचा. फोनवर त्यांच्या शेजारचे मास्तर होते. "सिस्टर, मारोतराव गेले. अंगणात दात घासता घासता बसले, ते उठलेच नाई," एवढंच ते म्हणाले. त्यावर मी विचारलं, "मग गाडी कुठे आहे?" ...आज सहा आठवडे झाले, पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न गाडीचा निघाला हे आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. आदल्या संध्याकाळीच त्यांनी मला घराच्या फाटकाशी सोडलं होतं. मी डबा विसरले म्हणून हॉर्न वाजवून परत बोलावलं होतं. असा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी नसतो, हे माझ्या डोक्यात अजून शिरलेलं नाही. तीस वर्षं नर्स आहे मी. असं होतं, अचानकच होतं, हे किती घरांतून मी लोकांना समजावून सांगितलं असेल. स्वतःला सांगायची वेळ आली तेव्हा त्यातला एक शब्दही उपयोगी पडला नाही.

मारोतराव आमच्या दवाखान्याच्या गाडीचे ड्रायव्हर. यवतमाळातला आमचा हा धर्मादाय दवाखाना तसा लहानच, पण आठवड्यातले तीन दिवस आम्ही गावोगाव शिबिरं घ्यायचो. डॉक्टरसाहेब, मी, मारोतराव आणि ती व्हॅन. व्हॅन आमच्याकडे आली तीच म्हातारी होऊन. तिचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. डॉक्टरसाहेब शहाणे, ते मागे बसायचे. पुढची सीट माझी, त्यामुळे वर्षानुवर्षं माझा उजवा गुडघा आणि मारोतरावांचा डावा गुडघा त्या एकाच झाकणाला शेकत आले. झाकणावर ते ओलं गोणपाट घालायचे आणि गोणपाटावर आमचे डबे ठेवायचे. दुपारी एक वाजताही पोळी गरम मिळायची. आमच्या घरातले सगळे ऑफिसात कारकुनी केलेले लोक. त्यांच्यापैकी कुणाला नोकरीत कधी गरम पोळी मिळाली असेल, असं मला वाटत नाही.

माणूस मूळचा फुलसावंगीचा, शेतकरी घरातला. शेती भावाने सांभाळली, यांना स्टिअरिंगचा नाद. पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्यावर पंधरा वर्षं ट्रक हाकून मग आमच्याकडे आले. पहिल्याच उन्हाळ्यात, कळंबच्या पुढे, गाडी तापून उभी राहिली. मला शिबिराला पोचायची घाई. हे खाली उतरून इंजिनाचा पट्टा अंगठ्याने दाबून बघतायत, नळ्यांवर हात फिरवतायत, जमिनीवर ओघळ दिसतोय का म्हणून वाकतायत, आणि मला वाटलं, पाणी कमी असणार, एवढं काय बघायचंय? मी बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. त्यांनी माझ्या मनगटावर अशी चापट मारली की बाटली रस्त्यावर पडली. ते झाकण तेव्हा उघडलं असतं तर उकळतं पाणी माझ्या तोंडावर आलं असतं, हे मला नंतर कळलं. बाईमाणसाला हात लावला म्हणून ते पुढे आठवडाभर मान खाली घालून वावरत होते. पण त्या दिवशी झाडाखाली बसून जे बोलले ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. "तापलेल्याले लगेच नाई इचारायचं, सिस्टर. थंड होऊ द्या. मंग तेच सांगते काय झालं ते."

आणि खरंच तसं व्हायचं. अर्ध्या तासाने रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून ते हलकेच फिरवायचे, आधी फुस्स होऊ द्यायचे, मग पाणी बघायचे. पाणी भरलेलं असूनही गाडी तापली तर ते समोरची जाळी बघायला जायचे. आमच्याकडचं हे खास दुखणं. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडतो, रस्त्याच्या बाभळींना लटकतो, आणि आमच्यासारख्यांच्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. वरून धूळ. मग वारा आत जातो कुठून? मारोतराव जुन्या दातांच्या ब्रशने ती जाळी साफ करायचे, आतून बाहेर, अगदी कानातला मळ काढावा तसं हळुवार. तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालू होती. ज्या गावात जाऊ तिथे पारावर लोक बसलेले असायचे, बोंडअळीशिवाय विषय नाही. ब्रशला लागलेला कापूस बोटांनी गोल करत मारोतराव म्हणायचे, शेतात येत नाही तो इथं कसा येतो कोणास ठाऊक. हसायचे आणि तो गोळा खिशात टाकायचे. रस्त्यावर फेकलेला मी कधी पाहिला नाही.

आता तो दिवस सांगायला हवा. इतकी वर्षं मी तो कुणालाच नीट सांगितलेला नाही. ऑक्टोबरमधली दुपार होती. एका गावातलं शिबिर उरकत असताना फवारणी करताना विष अंगात गेलेल्या एका माणसाला त्याच्या भावाने खांद्यावर टाकून आणलं. डॉक्टरसाहेबांनी होतं तेवढं इंजेक्शन दिलं, ते बाकीच्या पेशंटसाठी मागे राहिले, आणि आम्ही त्याला घेऊन यवतमाळकडे निघालो. चढावर काटा वर जायला लागला. समोरच्या घड्याळातला तो तापमानाचा काटा, लाल पट्ट्याकडे. मारोतरावांनी वेग कमी केला, खिडक्या उघडायला लावल्या आणि हीटर सुरू केला. मला तेव्हा माहीत नव्हतं की हीटर लावला की इंजिनाची गरमी आत ओढली जाते आणि इंजिनाला उसंत मिळते. ऑक्टोबरच्या उन्हात तोंडावर भट्टीसारखा वारा यायला लागला. काटा लाल रेघेत. भाऊ पाहत होता, माझ्या खांद्यावरून. "गाडी पेटून राह्यली," तो म्हणाला आणि दार उघडायला लागला. मारोतराव शांतपणे म्हणत होते, बस बाबू, मी नेतो, चढ संपू दे.

मी काट्याकडे बघितलं. आणि म्हणाले, "थांबवा."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली. मी सिस्टर, माझा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. भावाने पेशंटला खाली उतरवलं, पुन्हा आत घालू दिलं नाही. पाऊण तासाने एक जीप थांबली. मी त्यांच्याबरोबर गेले. तो माणूस दवाखान्याच्या फाटकाच्या आधी, माझ्या मांडीवर गेला. मारोतराव गाडी घेऊन नंतर पोचले, त्याच गाडीने, तोच चढ चढून. मला बाकावर बसलेली बघून त्यांनी चहा आणून दिला. एका शब्दाने काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. मी थांबवलं नसतं तर तो वाचला असता का, हे कुणी सांगू शकत नाही, डॉक्टरसाहेबही तेच म्हणाले. पण मला उत्तर माहीत नसलं तरी प्रश्न रोज माहीत असतो.

त्यानंतर मात्र गाडी सुधारली. म्हणजे मला तसं वाटलं. काटा कायम तळाशी, चढ असो की मे महिना असो. मी मारोतरावांचं कौतुकही केलं, की शेवटी तुम्ही हिला सरळ केलीत. ते मिशीत हसले. पुढे तर मला सवयच लागली. पेशंटचे नातेवाईक घाबरले की मी घड्याळाकडे बोट दाखवून सांगायची, हे बघा, काटा खाली आहे, गाडी थंडगार आहे. मारोतराव अधूनमधून गोणपाट सरकवून झाकणाला उलटा हात लावायचे. मला वाटायचं, डबे गरम झाले का बघतायत. कधी वाटेत विनाकारण थांबायचे, लघवीला म्हणून, विड्या घ्यायच्या म्हणून. हा माणूस विडी ओढत नव्हता, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही.

शेवटचा दिवस गुरुवार होता, जानेवारीतला. पांढरकवड्याकडून परत येत होतो. डॉक्टरसाहेब मागे झोपले होते. एका निंबाखाली मारोतरावांनी गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि तसेच बसून राहिले. कपाळावर घाम, मानेवर घाम. मी विचारलं काय होतंय. ते म्हणाले, "पित्त झालं. सकाळी ठेचा खाल्ला जास्त." मी पर्समधून पित्ताची गोळी काढून दिली. बाहेर थंडी होती, मी शाल गुंडाळून बसले होते... आणि शेजारच्या माणसाच्या शर्टाची पाठ भिजली होती. मी काय विचार केला असेल? हेच, की इंजिनाजवळ बसणाऱ्याला घाम यायचाच. इतकी वर्षं मी त्यांना घामातच बघत आले होते. दवाखान्यात कुणी असा घामेजून आला असता तर मी त्याला उभाही राहू दिला नसता. ईसीजीची पट्टी काढायला झोपवला असता. इथे मी हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, बरं वाटलं की निघू. दहा मिनिटांनी ते निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो फोन आला.

चौदाव्याला गेले तेव्हा त्यांची बायको, वहिनी, माझ्याशी फार बोलत नव्हत्या. उठताना मी विचारलंच, आधी काही त्रास होता का. दोन महिन्यांपासून छातीत जड वाटायचं, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मला का नाही सांगितलं? वहिनींनी पदर नीट केला. "मी म्हनलं होतं सिस्टरले सांगा म्हणून. तं ते म्हणे, नको, त्या गाडी थांबवतीन."

हे मला लागलं, पण नीट कळलं नाही. कळलं ते पुढच्या आठवड्यात. मारोतरावांच्या जागी गजानन आला, पन्नाशीचा, एसटीतून निवृत्ती घेतलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, सिस्टर, काटा हलत नाही. आम्ही गाडी शकीलभाईंच्या गॅरेजला नेली. शकीलभाईंनी गोणपाट बाजूला केलं, पत्र्याचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि एक वायर बाहेर ओढली. मग मला जवळ बोलावून दाखवलं. "काट्याची वायर तं काढेल हाय, सिस्टर. अन् पाहा, टोकाले टेप लावून किती सफाईनं बांधून ठेवली. लई वर्साची हाय."

मी तिथे आडव्या पडलेल्या टायरवर बसले. त्या काट्यावर विसंबून मी किती लोकांना धीर दिला होता... तो त्या सगळ्या वर्षांत चालूच नव्हता. गाडी तशीच तापत होती; मारोतराव ती हाताने, वासाने ओळखत होते, वेळेवर थांबत होते आणि मला काही कळू देत नव्हते. वायर त्यांनी पेशंटच्या भावांसाठी काढली असेलही. पण पुढच्या सीटवर रोज मी बसत होते. चढलेला काटा मला दिसू नये म्हणून त्यांनी ती काढली होती. माझी भीती त्यांनी एकदा पाहिली, तिची किंमत पाहिली, आणि पुन्हा ती वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून स्वतःच्या अंगावर घेतली. आणि अशी सवय एकदा लागली की छातीचंही तसंच लपवलं जातं. मला त्यांचा राग आला, फार राग आला, आणि तो राग कुणापाशी काढावा ते कळेना. शकीलभाईंनी चहा मागवला, तो तसाच थंड झाला.

वायर आता जोडली आहे. काटा हलतो, चढावर वर जातो. गजानन हीटर लावतो, मी खिडकी उघडते, आणि काही बोलत नाही. गोणपाट तेच आहे, डबे त्यावरच असतात. डॅशबोर्डच्या खणात दातांचा ब्रश आहे, त्याच्या केसांत अजून कापूस अडकलेला. तो मी काढू दिलेला नाही.

परवा घाटंजीच्या रस्त्याला गजाननच्या कपाळावर घाम दिसला. मी गाडी बाजूला घ्यायला लावली. तो वैतागला, हे तिसऱ्यांदा होत होतं.

"काई नाई सिस्टर, इंजिनाची गरमी हाय."

"असेल," मी म्हटलं. इंजिन बंद करायला लावलं, गाडी थंड होईपर्यंत बसले, आणि मग त्याचा हात मागितला. दोन बोटं मनगटावर ठेवून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली.