गळका नळ आणि परतीची दोरी

गल्लीतल्या प्लंबरनं हातात घेतलेलं काम अर्धवट सोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. तुंबलेल्या पाइपात दिवसभर तार घालत बसेल, जेवण विसरेल, पण 'उद्या बघू' म्हणणार नाही. गिऱ्हाइकं याच गुणावर खूश. पाण्याखालच्या गुहांत उतरायला शिकवणारा प्रशिक्षक मात्र याच गुणावर नाराज होता.

त्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळण्याआधीची चाचणी साध्या तळ्यात झाली. श्वास शांत, हातपाय शांत, सगळं झकास. मग प्रशिक्षकानं अंगठा वर केला. म्हणजे मागे फिरायचं, कारण विचारायचं नाही. आमच्या गड्यानं पाण्याखाली दोन्ही हात पसरून विचारलंच, का? वर आल्यावर प्रशिक्षकानं समजावलं, की गुहेत डोक्यावर दगड असतो; पाठीवरच्या टाकीतल्या हवेचा एक तृतीयांश हिस्सा संपला की फिरायचं, समोर खजिना दिसला तरी. पंधरा दिवसांत मनाची तयारी करून या, नाहीतर यंदाच्या तुकडीत नाव नाही. चार वर्षं या प्रशिक्षणाकडे डोळे लावून बसलेला माणूस तोंड पाडून घरी आला.

बायकोनं ऐकून घेतलं आणि कपडे वाळत घालायची दोरी सोडली. दारापासून पलंगाखालून, टेबलाच्या पायांतून, स्वयंपाकघरातून थेट न्हाणीघरापर्यंत ताणली, गुहेत परतीच्या वाटेसाठी धरायची असते तशी. गुहेत गाळ उठला की काही दिसत नाही, म्हणून नवऱ्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. गजराचं घड्याळ तिच्या आईकडे. गजर झाला की असाल तिथून परत.

पहिल्या दिवशी गडी दोरी धरून मांजरासारखा निघाला. स्वयंपाकघरात कानावर टपटप आली. ओट्यावरचा नळ दोन महिने गळत होता. गिऱ्हाइकांच्या नळांतून घरच्या नळाला सवड कुठली? बांधल्या डोळ्यांनी त्यानं नळ चाचपला, खिशातला पाना काढला आणि सुरू झाला. गजर वाजून वाजून थांबला.

"जावईबापू, वारलात," सासूबाई म्हणाल्या.

"दोनच आटे राहिलेत."

"वारलेल्यानं बोलायचं नसतं."

बायकोनं पाना काढून घेतला आणि पास होईपर्यंत नळाला हात लावायचा नाही असं बजावलं. तरी आठवडाभर तो रोज तिथेच वारला; पाना नाही तर बोटांनी. दोरी दुसरीकडून ने म्हणाला, तर तिनं विचारलं, गुहेची वाट तुम्हाला विचारून काढलीय का? शेवटी त्यानं कबूल केलं, की काम तसंच सोडलं की हरल्यासारखं वाटतं.

"अहो, नळ पळून जाणारे का? दोन महिने तिथेच आहे की."

हे मात्र लागलं. चौदाव्या दिवशी टपटप मनगटावर पडत असताना गजर झाला. वर गेलेली बोटं हवेतच थबकली, मग दोरीवर आली. गडी सावकाश दारापर्यंत परतला. सासूबाई जरा हिरमुसल्याच.

दुसऱ्या दिवशी तळ्यात अंगठा वर झाला आणि तो मुकाट फिरला. यादीत नाव लागलं. घरी येऊन त्यानं आधी पाना मागून घेतला. शेवटचा आटा उरला असताना दारातून बायकोनं अंगठा वर केला. त्यानं पाना खाली ठेवला.

"आता तरी विचारू का, 'का' म्हणून?"

"जमिनीवर चालतं. जेवण गार होतंय."